निनावी बटणे आणि आपले कर्तव्य
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात मला येथे बोलण्यास पाचारण केले याबद्दल मी विश्वस्तांचा ऋणी आहे. निमंत्रण देताना चिटणीसांनी 'अंधांचे जीवन' असा विषय सुचवला होता. तो मी नम्रपणे बदलून मागितला. अंधांच्या जीवनाविषयी ऐकून श्रोते हळहळतात, टाळ्या वाजवतात आणि घरी जातात; त्या हळहळीने माझ्या फोनवरचे एकही बटण बोलू लागत नाही. आज मला बोलायचे आहे ते एका व्यावहारिक गोष्टीविषयी. मोबाइलवरची ॲप तयार करणाऱ्यांना त्यांच्या कामातील दोष दाखवून ते दुरुस्त करण्यास कसे प्रवृत्त करावे, हा माझा विषय. या सभागृहात अशी ॲप लिहिणारी आपली मुले-मुली बसलेली आहेत आणि आपल्या पेढीसाठी ती पैसे देऊन लिहवून घेणारे व्यापारी बंधूही. दोघांशीही माझे काम आहे.

प्रथम, अंध माणूस हा सपाट काचेचा फोन वापरतो कसा, हे सांगतो. कारण आमच्या घरातल्यांनाही ते प्रारंभी ठाऊक नव्हते. काचबिंदूने माझी दृष्टी गेली तेव्हा मी बेचाळीस वर्षांचा होतो. त्या काळी फोनला उंचवट्याची बटणे असत आणि बोटांना पाचाच्या आकड्यावरचा ठिपका सापडला की बाकीचे आकडे आपोआप सापडत. पुढे काचेचे फोन आले तेव्हा आम्हा सर्वांना वाटले की आता आपला कारभार आटोपला. काचेवर चाचपडून काय सापडणार? परंतु २००९ साली आयफोनच्या थ्री-जीएस या फोनात 'व्हॉइसओव्हर' नावाची सोय आली आणि त्याच वर्षी अँड्रॉइडवर 'टॉकबॅक' आले. बोट ज्या वस्तूवर पडेल तिचे नाव फोन उच्चारतो. हवी ती वस्तू मिळाली की दोनदा टिचकी मारायची, काम होते. बोट उजवीकडे सरकवले की पुढची वस्तू, डावीकडे सरकवले की मागची. जपमाळेचे मणी ओढावेत तसे आम्ही पानावरून एकेक वस्तू ओढत पुढे जातो.

ज्या प्रयत्नांतून टॉकबॅक उभे राहिले त्यांत टी. व्ही. रामन यांचा मोठा वाटा आहे. हे गृहस्थ पुण्यात वाढलेले. चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. पुण्याच्या नौरोसजी वाडिया महाविद्यालयात ते गणित शिकले, पुढे मुंबईच्या आयआयटीत आणि मग अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात गेले. तसेच संगणकाचा पडदा वाचून दाखवणारी 'एनव्हीडीए' ही विनामूल्य प्रणाली २००६ साली ऑस्ट्रेलियातील मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध तरुणांनी लिहिण्यास घेतली. हे मुद्दाम सांगतो. बोलणारे यंत्र आमच्यावर कोणी उपकार म्हणून केलेले नाही. त्यातला मोठा भाग आमच्यातल्याच माणसांनी रचलेला आहे.

मग अडते कुठे? यंत्र बोलते, पण जे नाव दिलेले आहे तेवढेच बोलते. बटणावर 'पैसे पाठवा' अशी अक्षरे असतील तर ती वाचली जातात. पण आजकाल अक्षरांऐवजी चित्रे काढण्याची रीत आहे. बाण, टोपली, भिंग, दातेरी चाक. त्या चित्रामागे नाव लिहिलेले नसेल तर यंत्र बिचारे एवढेच म्हणते, "बटण, निनावी." पुढे सरकावे तर पुन्हा "बटण, निनावी." एका पानावर अशी सात बटणे असली म्हणजे कोणते पैसे पाठवते आणि कोणते व्यवहार रद्द करते, हे नशिबावर सोडावे लागते. नाव लिहिण्याची जागा मात्र तयार असते. अँड्रॉइडसाठी लिहिताना तिला 'कंटेंट डिस्क्रिप्शन' म्हणतात, आयफोनसाठी 'ॲक्सेसिबिलिटी लेबल'. एका बटणासाठी एक ओळ लिहावी लागते.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका रात्री माझ्या पत्नीला ताप चढला आणि मी काठी घेऊन कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेलो. मी तेव्हा पैसे देण्यासाठी जे ॲप वापरत असे ते आदल्याच दिवशी नवीन आवृत्ती घेऊन बसले होते. रक्कम भरली, पुढचे बटण निनावी. अंदाजाने दाबले, तर गुप्त क्रमांक टाकायचे पान आले आणि तिथले आकडे मुळीच बोलेनात. मागे ग्राहकांची रांग. रोख पैसे जवळ नव्हते. शेवटी मी फोन दुकानातल्या मुलाच्या हाती दिला आणि माझा गुप्त क्रमांक, चारही आकडे, त्याच्या कानाशी लागून सांगितले. मुलगा सज्जन होता. काही वाईट घडले नाही. पण आयुष्यभर ज्याने पेढीच्या तिजोरीची किल्ली कमरेला बांधली, त्याला त्या रात्री घरी परतताना काय वाटले असेल, याची कल्पना येथील व्यापारी बंधूंना निराळी देण्याची आवश्यकता नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या ॲपच्या चालकांना पत्र लिहिले. ते पत्र आज आठवले की मला माझीच लाज वाटते. त्यात अंधांची दुःखे होती, समाजाची असंवेदनशीलता होती, आणि नेमके कोणते बटण बिघडले आहे, हे कुठेही नव्हते. उत्तर आले, "आपल्या अभिप्रायाबद्दल आभार." दुसरे पत्र अधिक कडक लिहिले. उत्तर तेच. तिसऱ्या पत्रात विनवणी केली. काहीच नाही. सहा महिने गेले.

मग ओळखीतून त्याच ॲपवर काम करणाऱ्या एका तरुणाशी गाठ पडली. त्याला घरी चहाला बोलावले. रागावायचे नाही असे ठरवले होते. माझ्या फोनवर टॉकबॅक सुरू केले, पडदा काळा करण्याची सोय चालू केली आणि म्हणालो, "बेटा, तुझ्याच ॲपमधून मला एक रुपया पाठव." त्याने हसत फोन घेतला. स्वतःच्या हाताने केलेले ॲप, बटण कुठे आहे ते त्याला तोंडपाठ. पण काळ्या काचेवर 'तोंडपाठ' निरुपयोगी ठरते. चार-पाच मिनिटे "बटण, निनावी" एवढेच ऐकू येत राहिले. चहा निवला. शेवटी तो म्हणाला, "काका, हे बटण काही सांगतच नाही." मी म्हणालो, "गेले सहा महिने मी तुमच्या कार्यालयाला हेच लिहितो आहे." त्याने ती पत्रे पाहिलीच नव्हती. ती ग्राहकसेवेच्या टेबलावरून पुढे सरकली नव्हती; आणि खरे सांगायचे तर पुढे सरकावे असे त्यांत काही नव्हतेही.

त्या मुलाने एका दुपारी अकरा बटणांना नावे दिली.

त्यानेच मला पत्र कसे लिहावे ते शिकवले. एका पत्रात एकच दोष. फोन कोणता, त्याची आवृत्ती कोणती, ॲपची आवृत्ती कोणती, टॉकबॅक चालू की बंद. कोणत्या पानावर, काय केल्यावर, काय ऐकू आले आणि काय ऐकू यायला हवे होते. "रक्कम भरून उजवीकडे सरकल्यास तिसऱ्या स्थानी 'बटण, निनावी' असे ऐकू येते, 'पुढे जा' असे ऐकू यावे." बस. या पत्रात माझे दुःख कुठेच नाही आणि म्हणूनच ते कामाच्या टेबलावर पोहोचते. ॲप लिहिणाऱ्याच्या भाषेत याला 'दोष' म्हणतात. दोषाला क्रमांक मिळतो, तो कोणाच्या तरी नावावर चढतो आणि मिटवावा लागतो. विनंतीला क्रमांक मिळत नाही. दुरुस्ती झाली की मी दुसरे पत्र न चुकता लिहितो, आभाराचे, आणि ॲपच्या पानावर आधी दिलेले कमी गुण वाढवतो. हिशेबात जमेची बाजूही लिहायची असते.

आता या मंडळींच्या आक्षेपांकडे वळतो. सर्वाधिक ऐकू येणारा आक्षेप असा की, "आमचे ॲप अंध लोक वापरतच नाहीत." दुकानाला दहा पायऱ्या बांधायच्या आणि चाकाच्या खुर्चीवरचे गिऱ्हाईक येतच नाही म्हणायचे, त्यातला हा प्रकार. २०११ च्या जनगणनेत भारतात सुमारे ५० लाख लोकांनी दृष्टिदोषाची नोंद केलेली आहे. शिवाय साठी उलटलेले, चश्म्याविना अक्षर न दिसणारे आपणच किती आहोत! दुसरा आक्षेप, "आता वेळ नाही, पुढच्या आवृत्तीत पाहू." यावर मी वाद घालीत नाही. फक्त विचारतो की ज्या दोषामुळे तुमच्या डोळस ग्राहकाला पैसे देता येत नसतील तो दोष तुम्ही पुढच्या आवृत्तीपर्यंत ठेवाल काय? बहुधा शांतता पसरते. तिसरा आक्षेप प्रामाणिक असतो. "आम्ही तपासणीचे साधन चालवले, त्यात एकही चूक निघाली नाही." अशी साधने आहेत, विनामूल्य आहेत आणि ती अवश्य चालवावीत. पण नाव दिले आहे की नाही, एवढेच साधनाला कळते. नावाला अर्थ आहे की नाही, हे कळत नाही. 'चित्र सत्तावीस' हेही साधनाच्या लेखी नावच आहे. चुकीचा रकाना केवळ लाल करून दाखवणे, परवलीचा आकडा टाकण्यास तीस सेकंद देणे, पानावर मध्येच एक चौकट उघडणे आणि ती बंद कशी करावी हे न सांगणे, असल्या गोष्टी माणसानेच तपासाव्या लागतात.

येथे मला आपल्या परंपरेतील एका प्रसिद्ध दृष्टान्ताची आठवण होते. अनेकान्त समजावताना आपण पाठशाळेतील मुलांना हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट सांगतो. कोणी सोंड चाचपतो, कोणी पाय, कोणी शेपूट. ज्याला जे लागले तेच त्याला सत्य वाटते. गोष्ट उत्तम आहे, तिच्यावर माझा रोष नाही. पण ॲपच्या बाबतीत पात्रे उलट होतात. तेथे हत्तीची एकच बाजू चाचपणारा असतो तो डोळस कारागीर. त्याला पडदा दिसतो, रंग दिसतो. म्हणून त्याला वाटते की ॲप म्हणजे एवढेच. ऐकले जाणारे ॲप ही त्याच हत्तीची दुसरी बाजू आहे आणि तिला त्याचा हात कधी लागलेलाच नसतो.

त्याला दुष्ट म्हणण्याचे मात्र काही कारण नाही. माझ्या घरी आलेला तो मुलगा दुष्ट नव्हता. आपल्या शास्त्रकारांनी हिंसेचा विचार करताना द्वेषाइतकेच वजन प्रमादाला दिले आहे. असावधपणे केलेल्या कृतीने जीवाला पीडा झाली तर 'माझ्या मनात तसे नव्हते' या उत्तराने सुटका होत नाही. आणि त्यावरचा आपला उपाय काय आहे? प्रतिलेखन. साधू-साध्वी वस्त्र, पात्र, आसन नित्य नेमाने तपासतात. पिंछी असो वा रजोहरण, बसण्यापूर्वी जागा हळुवार पुंजून घेतात. काल तेथे जीव सापडला होता म्हणून नव्हे. आज असू शकेल म्हणून. ॲपविषयी माझे नेमके हेच मागणे आहे. त्या मुलाने अकरा बटणांना नावे दिली खरी, पण दोन आवृत्त्यांनंतर नवीन चित्रे आली आणि ती पुन्हा निनावी निघाली, कारण तो स्वतः तोवर दुसऱ्या कामावर गेला होता. एका भल्या माणसाच्या चांगुलपणावर चाललेली गोष्ट तो गेला की थांबते. प्रत्येक आवृत्ती बाहेर पडण्यापूर्वी पडदा काळा करून एकदा तपासायची, हा नियमच कार्यालयात लिहिलेला हवा.

कायद्याचा विषय मी जाणूनबुजून मागे ठेवला. धाकाने केलेले काम किमान असते, हा माझा अनुभव. तरीही तो माहीत असणे आवश्यक आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने माहिती व सेवा सुगम ठेवण्याचे बंधन केवळ शासनावर घातलेले नाही, खासगी सेवा देणाऱ्यांवरही घातले आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुडी यांच्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे नियम केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवता येणार नाहीत, काही किमान नियम सक्तीचे हवेत, असे सांगितले. त्यानंतर ३० एप्रिल २०२५ रोजी आणखी एक महत्त्वाचा निर्णय आला. बँकेत ओळख पटवताना फोनसमोर डोळ्यांची उघडझाप करून दाखवावी लागे. आम्लहल्ल्यात डोळ्यांना गंभीर इजा झालेल्या प्रज्ञा प्रसून यांना ते शक्य नव्हते. दुसरे याचिकाकर्ते अमर जैन हे स्वतः दृष्टिहीन वकील. डोळे मिचकावता न येणाऱ्याला ते मिचकावण्यास सांगणारी ती व्यवस्था बदलण्यासाठी न्यायालयाने २० निर्देश दिले आणि डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ज्यांच्या पेढ्या ऑनलाइन विक्री करतात त्यांनी आपल्या वकिलांकडून हे दोन्ही निर्णय समजून घ्यावेत.

व्यापारी बंधूंना मात्र मी याहून सोपा मार्ग सुचवतो. ॲप लिहिणारी मुले कितीही भली असली, तरी त्यांचे काम ठरते ते तुम्ही दिलेल्या कागदावरून. कार्यादेशात एक वाक्य घाला. एखाद्या अंध व्यक्तीने कोणाच्याही साहाय्याविना ॲप उघडण्यापासून पैसे भरण्यापर्यंतचा व्यवहार पूर्ण करून दाखवल्याखेरीज शेवटचा हप्ता मिळणार नाही. आणि त्या अंध व्यक्तीला तपासणीचा रीतसर मोबदला द्या. आमच्याकडून ही तपासणी सेवा म्हणून फुकट करून घेण्याची पद्धत पडली आहे. तुमच्या लेखापरीक्षकाला तुम्ही कधी प्रसादावर राबवून घेतले आहे काय?

आता घरची गोष्ट. गेल्या पन्नास वर्षांत आपल्या ट्रस्टने घेतलेल्या नेत्रशिबिरांत कितीतरी वृद्धांचे मोतीबिंदू निघाले. माझे वडील पहिल्या काही शिबिरांचे स्वयंसेवक होते. नोंदणीच्या टेबलावरचा चुन्याचा आणि औषधाचा वास मला अजून आठवतो. मोतीबिंदूची दृष्टी परत येते. काचबिंदूने गेलेली येत नाही. ज्यांची परत येणार नाही त्यांच्यासाठी आपण काय करतो, असा प्रश्न मी विश्वस्तांना गेल्या महिन्यात विचारला आणि त्याच बैठकीत आपल्या ट्रस्टचे ॲप त्यांच्यासमोर उघडले. आजची तिथी हे एक चित्र आहे, ते वाचता येत नाही. भोजनशाळेच्या नोंदणीत माणसांची संख्या वाढवण्याचे आणि कमी करण्याचे, अशी दोन्ही बटणे निनावी आहेत. मी त्या दिवशी दोघांऐवजी बारा जणांची नोंदणी करून बसलो. देणगीचे बटण मात्र स्पष्ट बोलते. सभागृहात हशा पिकला, हे बरे झाले. बैठकीतही पिकला होता, आणि त्यानंतर अध्यक्षांनी दुरुस्तीस मान्यता दिली.

आणखी एक. शास्त्रदानाला आपण मोठे पुण्य मानतो. आपल्या ग्रंथालयातील पोथ्यांची पाने छायाचित्रे म्हणून संगणकावर चढवली आहेत, ती डोळसांसाठी सुंदर आहेत. माझ्यासाठी कोरी आहेत. या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचेही तसेच होऊ नये, ही संपादक मंडळास विनंती. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये जुळवलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण वाचणारे यंत्र त्यातून अर्थहीन अक्षरांचा सडा पाडते. छपाईसाठी कोणताही फॉन्ट वापरा. वितरणासाठी युनिकोडमधली एक प्रत ठेवा. नाहीतर माझे हे भाषण छापून येईल आणि मलाच वाचता येणार नाही.

माझी वेळ संपली असे घड्याळाने आताच कानात सांगितले. तरुण मित्रांसाठी शेवटचे. भोजनानंतर मी मंडपाच्या उजव्या बाजूला, पाण्याच्या पिंपाजवळच्या टेबलावर बसणार आहे. दोन फोन आहेत, दोन्हींचे पडदे काळे. ज्यांनी ज्यांनी ॲप लिहिलेले आहे त्यांनी आपापले ॲप त्यावर उघडावे आणि एक व्यवहार करून दाखवावा. कान उघडे ठेवून या. शेजारी वही ठेवली आहे. निनावी सापडलेल्या प्रत्येक बटणाची नोंद त्यात तुम्हीच करायची आहे, तारीख घालून. सुरुवात ट्रस्टच्या ॲपपासून करू.

जय जिनेंद्र.